पितळी बिल्ला आणि घातक माल

माझ्या लायसन्सवर इतकी अक्षरं आहेत की एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या पाटीला लाज वाटावी. दुचाकी आहे, हलकी मोटार आहे, जड माल आहे आणि सगळ्यांच्या वर कळस म्हणून घातक माल. हे कार्ड मी शर्टाच्या खिशात अशा बेताने ठेवत असे की चहाच्या टपरीवर जरा वाकलो की ते खाली पडावं, कुणीतरी उचलून द्यावं आणि देता देता वाचावं. मग तो म्हणणार, "काय जी, पेट्रोलचा टँकर चालवता?" आणि मी "चालवतो बाप्पा, काय करता," असं म्हणत त्याच्या बाकड्यावर बसकण मारणार. हा प्रयोग मी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत सगळ्या टपऱ्यांवर लावला. शेवटी एक टपरीवाला म्हणाला, "काका, खिशाले बटन लावून घ्या. लायसन हरपन एखांद्या दिवशी." त्या दिवशी प्रयोग बंद झाला.

आता त्या कार्डावरच्या पायऱ्या. सरकारच्या पुस्तकात गाडीचे वर्ग वजनावर ठरतात. साडेसात टनांपर्यंत हलकी, त्यापुढे मध्यम, बारा टनांच्या वर जड. आधी हलक्या गाडीवर वर्षभर हात बसवायचा, मग वरच्यासाठी अर्ज करायचा. घातक मालासाठी वर्गात बसून वेगळं शिक्षण घ्यायचं आणि पुढे ठरावीक मुदतीने एक दिवस पुन्हा बसून उजळणी करायची. हे सगळं बरोबर आहे, परीक्षेत असंच लिहा. मी मात्र वर्ग मोजतो ते गाडीत आपल्याशी बोलायला किती माणसं आहेत त्यावर. हलक्या गाडीत मला चौदा माणसं होती. जड गाडीत एक. आणि सर्वात वरच्या, सर्वात मानाच्या घातक मालात, अगदी उदार मनाने मोजलं तरी अर्धा. त्या अर्ध्याकडे येतोच. आधी चौदा.

तरुणपणी मी परतवाडा ते अमरावती काळीपिवळी चालवत होतो. भरली की सुटणारी, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हरने ठरवायची जीप. छातीवर पितळी बिल्ला, त्यावर नंबर. माणसं भाड्याने नेणाऱ्याला नुसतं लायसन्स पुरत नाही, हा बिल्ला लागतो. तो देण्याआधी पोलीस घरी येऊन शेजाऱ्यांना विचारतात की हा माणूस बरा आहे का. सरकीची पोती नेणाऱ्याबद्दल शेजाऱ्यांना कुणी काही विचारत नाही. मला त्या बिल्ल्याचा फार अभिमान होता. रोज सकाळी चिंच लावून घासायचो.

आणि मी गोष्टी सांगायचो. गाडी परतवाड्याच्या बाहेर पडली की सुरुवात, आसेगावला रंगात, वलगावला कळस, अमरावतीला शेवट. माझी सर्वात गाजलेली गोष्ट आत्याच्या लग्नातल्या घोड्याची. आमचं गाव हिवरखेडपासून दोन कोसांवर, आणि आत्याचा नवरदेव हिवरखेडचा. वरात आमच्या वेशीत आली, बँडवाल्याने घोड्याच्या कानाशी पिपाणी फुंकली, आणि घोडा जो वळला तो नवरदेवासकट थेट आपल्या घरी निघाला. नवरदेवाच्या डोळ्यांवर फुलांच्या माळा सोडलेल्या, त्याला दिसतंय काय? त्याला वाटलं, वरात चालली आहे, बँड जरा मागे पडला असेल. दोन कोस तो गंभीर चेहऱ्याने बसून राहिला. घोडा थांबल्यावर खाली उतरला, समोरच्या बाईला सासू समजून तिच्या पाया पडला, आणि ती निघाली घर राखायला थांबलेली त्याची स्वतःची काकू.

एकदा एक मावशी वलगावचं भाडं देऊन बसल्या होत्या. वलगाव आलं तेव्हा घोडा अजून रस्त्यातच होता. मी गाडी थांबवली. मावशी हलल्या नाहीत. म्हणाल्या, "चाल तू. थो उतरल्याबिगर मी नाही उतरत." अमरावतीपर्यंत आल्या, पाया पडण्याचा प्रसंग ऐकला, पोट धरून हसल्या, आणि दुसऱ्या गाडीने वलगावला परत गेल्या. माझ्या आयुष्यात मला इतका मोठा मान कुणी दिलेला नाही, आणि माझा सत्कार एकदा ड्रायव्हर दिनाला झालेला आहे.

मग लग्न झालं. बायकोच्या माहेरी सगळे मोठ्या गाडीवरचे. तिथे जीपवाला जावई म्हणजे तालमीत बॅडमिंटनवाला. मी जड गाडीचं लायसन्स काढलं आणि अकोल्याहून कापसाच्या गाठी नेऊ लागलो. सोबत एक क्लीनर, माझ्या वडिलांच्या वयाचा. तो बोलायचा खूप, पण एकाच विषयावर: त्याचं पोट. तरी बरं होतं, दोघांत काहीतरी चालू असायचं. पुढे घातक मालाचं शिक्षण घेतलं आणि अकोल्याकडच्या डेपोतून अमरावती, परतवाड्याच्या पंपांना तेल पोचवू लागलो. वर चढत गेलो. बिल्ल्याची मुदत कधी संपली ते पाहिलंही नाही. मॅट्रिक झालेल्याला चौथीचा दाखला कोण मागतो? तो बिल्ला मुलीने शाळेच्या गॅदरिंगमध्ये हवालदार होताना छातीवर लावला आणि तिथेच कुठेतरी हरवला. तिला बक्षीस मिळालं, म्हणून मी रागावलो नाही.

टँकरच्या केबिनमध्ये बाहेरचं माणूस चालत नाही. तसा नियम आहे आणि तो योग्यच आहे. पण नियम नसता तरी कुणी आलं नसतं. रस्त्याकडेची माणसं ट्रकला हात करतात, टँकरला कुणी करत नाही. पाठीवरची 'ज्वलनशील' ही लाल अक्षरं दिसली की उलट एक पाऊल मागे सरकतात. मी रोज त्याच रस्त्याने जात होतो, तेच थांबे, तीच झाडं, आणि माझ्याकडे बघून मागे सरकणारी माणसं.

आता तो अर्धा. टँकरवर हेल्पर असतो. पंपावर पाइप जोडायचा, झाकणं बघायची. माझा हेल्पर माझ्याच वयाचा, दर्यापूरकडचा, अंगाने दणकट आणि तोंडाने बंद. पहिल्या दिवशी मी त्याला घोड्याची गोष्ट सगळ्या आवाजांसकट सांगितली. पिपाणी वाजवली, टापा वाजवल्या. तो समोर रस्त्याकडे बघत होता. गोष्ट संपली तेव्हा म्हणाला, "वस्ताद, पुढं गतिरोधक हाय." आठ वर्षांत तो माझ्याशी बोलला ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. मी त्याला सगळ्या गोष्टी सांगून संपवल्या, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू केल्या. भिंतीला चेंडू मारावा तसं. भिंतीकडून निदान चेंडू परत येतो.

घरी तरी काय होतं? बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगी पुण्याला. फोन केला की आधी दोन मिनिटं जेवणाची चौकशी, मग "बाबा, मीटिंग आहे, रात्री करते." मी भाजी चिरता चिरता एखादी गोष्ट सुरू करायचो. कुकरची पहिली शिट्टी झाली की लक्षात यायचं, आपण मोठ्याने बोलतो आहोत. मग शिट्ट्या मोजायचो.

अशा एका सुट्टीच्या दिवशी परतवाड्याला गेलो होतो. तिथे माझा जुना दोस्त आहे, त्याच्या तीन काळ्यापिवळ्या चालतात. तो गाडीला टेकून वैतागून उभा होता. मला बघितलं आणि चेहरा उजळला. "भाऊ, ड्रायवर बारात में गया. एक चक्कर मार दे ना. तू तो अब टँकरवाला, ये तो तेरे लिए खिलौना है."

खेळणंच होतं. मी बसलो. मागे पुढे मिळून नऊ माणसं, अगदी कायद्यात. बाजूला एक म्हातारेबुवा, मागे कॉलेजच्या दोन मुली, भाजीची टोपली घेतलेली बाई. गाडी गावाबाहेर पडली आणि माझा घसा आपोआप साफ झाला. घोडा निघाला. मुली खिदळल्या. म्हातारेबुवा म्हणाले, "अशेच होते थे हिवरखेडचे लोक." मला वाटलं, मी पुन्हा तिशीचा झालो.

आसेगावच्या अलीकडे आरटीओची तपासणी लागली होती. इन्स्पेक्टर मॅडम, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी रुबाबात कार्ड काढून दिलं. त्यांनी उलटसुलट पाहिलं.

"बिल्ला कुठाय, काका?"

"मॅडम, तुमच्या पुस्तकातलं सर्वात वरचं लायसन्स आहे ते."

"दिसतंय. बिल्ला?"

"घातक माल नेतो मी. पेट्रोल. डिझेल."

"मग हे लोक पेट्रोल आहेत का?"

म्हातारेबुवा खिडकीतून म्हणाले, "मॅडम, माह्या सुनेले इचारा. मी पेट्रोलच आहो."

सगळे हसले, मॅडमसुद्धा. पण कार्ड काही परत आलं नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमच्या हेवीत हलकी गाडी बसते. पण त्यात माणसं बसत नाहीत. माणसांचा बिल्ला वेगळा, आणि तो तुमच्याकडे नाही."

तीस वर्षं गाडी चालवून ही चूक मी केली होती. वरचं मिळालं म्हणजे खालचं आपलंच, असं धरून चाललो होतो. मागून एसटी आली. मॅडमनी ती थांबवली आणि माझी नऊ माणसं तिच्यात चढवायला सांगितलं. एक मुलगी पायरीवर थांबून म्हणाली, "मॅडम, दोनच मिनिटं न. नवरदेव अजून घोड्यावरच हाय." कंडक्टरने घंटी दिली. एसटी गेली. परत मिळालेलं कार्ड आणि दंडाची पावती घेऊन मी रिकाम्या जीपशेजारी उभा राहिलो. इतकं ऊन, इतका मोठा रस्ता, आणि गोष्ट अर्धी. माझा दोस्त फोनवर ओरडत होता, "तेरे कू गाडी चलाने बोला था मियाँ, किस्सा सुनाने कब बोला!"

त्याच आठवड्यात मी बिल्ल्यासाठी अर्ज केला. पोलीस चौकशीला आलेल्या जमादारांना मी चहा, पोहे आणि दोन गोष्टी दिल्या. ते तिसऱ्या गोष्टीत दारापर्यंत जाऊन उभे होते. जाताना शेजाऱ्याला म्हणाले, "माणूस बरा आहे, पण वेळ घेते." अर्ज पुढे सरकला. परीक्षेची तारीख आली, अमरावतीला, मंगळवारची. आणि टँकरच्या मालकाचा निरोप आला की घातक मालाची उजळणीही मंगळवारीच, अकोल्याला. ती चुकली तर मुदत संपणार आणि टँकर सोडावा लागणार.

त्या उजळणीबद्दल एक सांगायला हवं. एका खोलीत तीसेक टँकर ड्रायव्हर बसवतात. आग लागली तर काय, गळती झाली तर काय, कोणती पाटी कशाची. शिकवणारे सर बिचारे चांगले असतात, पण त्यांना बोलायला मिळत नाही. महिनोन्महिने कुणाशी न बोललेली तीस माणसं एका खोलीत आल्यावर दुसरं काय होणार? सर आग विझवायच्या फेसाबद्दल सांगतात, आणि मागच्या बाकावर कुणीतरी मनमाडच्या घाटातली हकिगत सुरू करतो, त्याच्या मागचा म्हणतो, "हे काहीच नाही." मला तो दिवस दिवाळीसारखा वाटायचा. तो सोडायचा, हे सोपं नव्हतं. पण दिवाळीवर वर्ष निघत नाही.

सोमवारी डेपोतून निघाल्यावर मी हेल्परला सांगितलं. "मंगळवारी मी अकोल्याले जाऊन नाही राहिलो. बिल्ला काढतो. जीप चालवीन."

उत्तराची अपेक्षा मी केलीच नव्हती. बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. मूर्तिजापूरच्या पुढे कपाशीचं मोकळं रान लागतं, तिथे तो समोर बघतच म्हणाला,

"वस्ताद. थ्या नवरीचं काय झालं?"

"कोणत्या नवरीचं?"

"घोड्याच्या गोष्टीतल्या. नवरदेव हिवरखेडले पोचला. लोकं त्याले आनाले गेले. म्हंजे चार तास त गेले असन. थे मांडवात काय करत होती?"

मी गाडी चालवत राहिलो. तीस वर्षं ती गोष्ट सांगतोय. शेकडो माणसांना सांगितली असेल. टापांचा आवाज काढला, काकूची किंकाळी काढली. आत्याबद्दल एकानेही विचारलं नव्हतं, आणि मी तिचा भाचा असून मला माहीत नव्हतं. मी तिथे होतो, सहा वर्षांचा, पण मीही सगळ्यांबरोबर घोड्यामागे धावलो होतो.

"माहीत नाही रे," मी म्हणालो.

"इचारा," तो म्हणाला.

मूर्तिजापूर ते बडनेरा आम्ही दोघेही गप्प होतो. त्याला सवय होती. माझा पहिलाच प्रसंग. आठ वर्षं मी भिंत समजत होतो, ती सगळं ऐकत होती, आणि नेमकी जिथे माझी गोष्ट पोकळ होती तिथे बोट ठेवून बसली होती. आणि दुसऱ्या दिवशी मी त्याला सोडून जाणार होतो, कशासाठी, तर कुणीतरी ऐकावं म्हणून.

तरी मी मंगळवारी अमरावतीलाच गेलो. माझं ठरलं होतं, आणि खरं सांगायचं तर टँकरचं ते मागे सरकणारं जग मला आता नको होतं. परीक्षेला त्याच मॅडम होत्या. नियम विचारले, पाट्या विचारल्या, मराठीतला एक उतारा वाचायला दिला. मी तो इतका हावभाव करून वाचला की शेजारच्या टेबलावरचे साहेब उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "पुरे काका, पास आहात. लोक वरचं लायसन्स काढायला येतात. तुम्ही खाली का येताय?"

"तिथं गर्दी नाही मॅडम," मी म्हणालो. त्यांनी सही केली.

तर आता मी पुन्हा काळीपिवळीवर आहे. बिल्ला नवा आहे, चिंच लावून घासतो. पहिल्या दिवशी नऊ माणसं बसली, गाडी परतवाड्याबाहेर पडली, मी घसा साफ केला आणि आरशात पाहिलं. नऊ डोकी खाली वाकलेली. काहींच्या कानात बोंडं, काहींच्या हातात चमकणाऱ्या काचा. एक तर एकटाच हसत होता. मी घोडा काढला. वेशीपर्यंत आणला. पिपाणी वाजवली. मागून एक पोरगी म्हणाली, "अंकल, हॉर्न जरा कमी वाजवा न." मी घोडा तिथेच बांधला. टँकरमध्ये एकटं असणं वेगळं, तिथे गाडी रिकामी असते. इथे मांडीला मांडी लागते. लोकांना दोष देत नाही; त्या काचेत त्यांची कुणीतरी माणसं असतील, पुण्यातली, मीटिंगमधून मोकळी झालेली.

मधल्या एका रविवारी मी हिवरखेडला आत्याकडे गेलो. घोड्यावरचे नवरदेव जाऊन बरीच वर्षं झाली. आत्या सत्तरीची, ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "आत्या, घोडा पळाला तेव्हा तू मांडवात काय करत होती?"

तिचे हात थांबले. "आज काहून इचारून राहिला?"

"सहज."

"काय करन बाप्पा, बसली होती. समदे घोडा पाहाले पयाले. तुही आजी बी पयाली. भट बी गेला. मांडवात मी अन् अक्षतांचं ताट. मंग चिमण्या आल्या. ताटातल्या अक्षता खाऊ लागल्या. मी हाकलल्या नाही." तिने शेंग फोडली. "म्हटलं, कोनी त आलं."

मी तिच्यासोबत शेंगा सोलत बसलो. निघताना ती म्हणाली, "मले आजलोक कोनी हे इचारलं नाही. थ्यायनं बी नाही. तुले कसं सुचलं?"

"मले नाही सुचलं, आत्या. माह्या हेल्परले."

"त्याले घेऊन ये एकदा जेवाले," ती म्हणाली.

गेल्या बुधवारी अमरावतीच्या स्टँडवर गाडी भरत होतो. पुढचं दार उघडलं आणि तो आत येऊन बसला. दणकट, गप्प, मांडीवर पिशवी. टँकरवर आता नवा वस्ताद आहे, दिवसभर मोठ्याने गाणी लावतो, एवढं त्याने सांगितलं.

"कुठं?" मी विचारलं.

"परतवाडा."

"काही काम?"

"नाही."

गाडी निघाली. मागे आठ डोकी वाकलेली. वलगाव आलं, दोघं उतरली, दोघं चढली. तो समोर रस्त्याकडे बघत होता, आठ वर्षं बघत होता तसाच. वलगाव मागे पडल्यावर म्हणाला,

"मंग? इचारलं का?"

मी सांगितलं. या वेळी पिपाणी नाही, टापा नाहीत. आजी पळाली, भट पळाला, ताट राहिलं, चिमण्या आल्या. आत्याचं वाक्य मी तिच्याच शब्दांत सांगितलं, जमेल तितक्या हळू आवाजात. गाडीतल्या बाकी कुणी मान वर केली नाही.

त्याने खिडकीबाहेर कपाशीकडे पाहिलं.

"हाकलल्या नाही," तो स्वतःशीच म्हणाला, आणि आसेगावपर्यंत पुढे काही बोलला नाही.